धागा: सफाईच्या बाटल्यांमधली घातक रसायनं आणि त्यांच्याऐवजी काय वापरावं

क्षारपाणी (धागाकर्ता)

सफाईच्या रसायनांचा विषय निघाला की चर्चा लगेच 'केमिकल की नैसर्गिक' या वादात अडकते. तो वाद खाली येईलच. आधी मिसळण्याबद्दल लिहितो, कारण यातल्या चुकीचा परिणाम काही मिनिटांत दिसतो.

ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट विरघळवलेलं पाणी. घरगुती बाटलीत ते साधारण ३ ते ६% असतं आणि मुद्दाम भरपूर आम्लारीधर्मी ठेवलेलं असतं, पीएच ११ च्या वर. तोवर क्लोरीन पाण्यात बांधलेला राहतो. त्यात आम्ल पडलं की पीएच घसरतो आणि क्लोरीन वायू होऊन सुटतो. कमोडच्या ॲसिडात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, बहुधा १०% च्या आसपास, त्यामुळे तिथे ही क्रिया जोरात होते. पण व्हिनेगर, लिंबाचा रस आणि सायट्रिक ॲसिडनेसुद्धा ती होते. 'व्हिनेगर तर खाण्याचं आहे' म्हणून ते ब्लीचमध्ये चालतं असं अजिबात नाही.

बादलीत मुद्दाम दोन्ही ओतणारे थोडे. प्रत्यक्षात होतं असं: कमोडमध्ये ॲसिड टाकलं, डाग गेला नाही, म्हणून वरून ब्लीच ओतलं. किंवा ॲसिडचा ब्रश न धुता ब्लीचच्या बादलीत बुडवला. क्लोरीन हवेपेक्षा अडीच पट जड असल्यामुळे खाली साचतो, आणि घासणाऱ्याचा चेहरा नेमका खालीच वाकलेला असतो. छोटं बाथरूम, दार लोटलेलं, पंखा बंद. एवढं पुरतं.

ब्लीचबरोबर न चालणाऱ्या बाकीच्या गोष्टी:

अमोनिया. काचेच्या काही क्लीनरमध्ये असतो. क्लोरामाइन वायू तयार होतात, ठसका लागतो, डोळ्यांतून पाणी येतं. लघवीतल्या युरियापासूनही अमोनिया बनतो, म्हणून लघवीचे कपडे भिजवलेल्या बादलीत किंवा मांजराच्या मातीच्या ट्रेमध्ये आधी नुसतं पाणी आणि साबण वापरा, मग दुसरं काही.

अल्कोहोल आणि ॲसिटोन. यातून क्लोरोफॉर्मसारखी क्लोरीनयुक्त संयुगं तयार होऊ शकतात.

हायड्रोजन पेरॉक्साइड. जोरात ऑक्सिजन सुटतो, उष्णता निर्माण होते, बंद बाटली फुटू शकते.

एका जागी एका दिवशी एकच द्रव्य, हा नियम पाळला की यातलं काहीच होत नाही. बदलायचंच असेल तर आधीचं भरपूर पाण्याने धुवून काढा, कमोड असेल तर दोनदा फ्लश करा, ब्रशही धुवा.

तरीही वास आलाच तर काय ओतलं ते आठवत किंवा पुसत बसू नका, आधी बाहेर पडा. श्वासाला मोकळी हवा द्या, दुसऱ्यांना आत जाऊ देऊ नका. क्लोरीनमुळे फुफ्फुसात पाणी साचण्याचा त्रास काही तास उशिरानेही सुरू होऊ शकतो. दम लागणं, छातीत घट्टपणा, न थांबणारा खोकला यांतलं काहीही असेल तर डॉक्टरकडे जा, 'आता बरं वाटतंय' म्हणून थांबू नका. डोळ्यात काही उडालं तर लगेच साध्या वाहत्या पाण्याखाली १५ ते २० मिनिटं, पापण्या उघड्या धरून. कॉन्टॅक्ट लेन्स सहज निघत असेल तर काढा. पोटात गेलं तर उलटी करवायची नाही: जाताना एकदा भाजलेली अन्ननलिका येताना पुन्हा भाजते. आणि ॲसिडवर सोडा, सोड्यावर लिंबू असले उतारे पोटात द्यायचे नाहीत.

---

निवळी

मिसळण्याचं सविस्तर आलं ते बरं झालं. मी हवेचा मुद्दा घेते, कारण घरातल्या रोजच्या नुकसानीत तोच मोठा वाटतो.

रसायन तेच, पण फडक्यावर ओतलं तर एक परिणाम आणि फवारलं तर दुसरा. फवाऱ्यातले बारीक थेंब हवेत तरंगतात आणि श्वासातून खोल जातात. याचं सगळ्यात भीषण उदाहरण दक्षिण कोरियातलं. तिथे घरातल्या ह्युमिडिफायरच्या पाण्यात घालायची जंतुनाशकं १९९४ पासून विकली जात होती. त्यातलं पीएचएमजी हे द्रव्य पृष्ठभाग पुसायला चालणारं मानलं गेलं होतं. पण ह्युमिडिफायरमधून ते रात्रभर बारीक धुक्यासारखं खोलीत पसरत राहिलं. २०११ मध्ये फुफ्फुसांच्या गंभीर आजारांचा माग काढताना ते पकडलं गेलं. अनेकांचे जीव गेले, त्यांत लहान मुलं आणि गरोदर स्त्रियाही होत्या. 'त्वचेला सुरक्षित' असं लेबल श्वासाबद्दल काहीही सांगत नाही, ते यातून कळतं.

दुसरं, २०१८ मध्ये नॉर्वेच्या बर्गेन विद्यापीठाच्या संशोधकांनी युरोपातल्या ६,२३५ लोकांचा साधारण २० वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. घरी किंवा नोकरीत सफाई करणाऱ्या स्त्रियांमध्ये फुफ्फुसांची क्षमता इतर स्त्रियांपेक्षा जास्त वेगाने घटलेली दिसली. हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे, एकच एक कारण त्यातून सिद्ध होत नाही. पण फवारे आणि दमा यांचा संबंध इतर अभ्यासांतही दिसला आहे, त्यामुळे तो बाजूला टाकण्यासारखा नाही.

'जंतुनाशक' म्हणून विकल्या जाणाऱ्या फवाऱ्यांत आणि ओल्या वाइप्समध्ये बहुधा क्वाट्स (जंतू मारणारी क्वाटर्नरी अमोनियम संयुगं) असतात. लेबलवर बेंझाल्कोनियम क्लोराइड किंवा डायडेसिल-डायमिथाइल-अमोनियम क्लोराइड असं नाव दिसेल. ज्यांच्या हाताखालून ती रोज जातात त्यांना यांनी दमा होऊ शकतो, आधीचा असेल तर बळावतो. शिवाय ती वापरतातही चुकीची. साबणाचा थर शिल्लक असेल तर क्वाट त्याच्याशी बांधला जाऊन निकामी होतो. सुती फडकं त्याला शोषून धरतं, फरशीपर्यंत पोचतो तो कमी. म्हणजे जंतू राहतात आणि फवारा छातीत जातो.

बदल अगदी छोटा आहे: फवाऱ्याची बाटली असेल तर तिचं तोंड फडक्याला टेकवून फडकं ओलं करा, मग पुसा. हवेत उडवायचं नाही. खिडकी सफाईच्या आधी उघडा, नंतर नव्हे.

---

काठावर

लेबलवर घटक नीट लिहिलेलेच नसतात. 'सर्फॅक्टंट, सुगंध, पाणी' एवढंच. मग ओळखायचं कसं?

---

प्रयोगवही

@काठावर, तीन ठिकाणी बघा.

पहिलं, लाल चौकोनी चौकटीतली चित्रं. हातावर आणि धातूवर द्रव पडून खड्डा पडतोय असं चित्र म्हणजे दाहक: त्वचा जळते, डोळा कायमचा जाऊ शकतो. छातीवर चांदणीसारखा फुटलेला माणूस म्हणजे दीर्घकालीन धोका: दमा, कर्करोग, गर्भावर परिणाम वगैरे. नुसतं उद्गारचिन्ह म्हणजे त्यामानाने सौम्य, चुरचुर किंवा ॲलर्जी. दाहक चित्र असलेली बाटली रोजच्या पुसण्याला लागतच नाही. ती घरात असेल तर ठरावीक कामापुरती असावी.

दुसरं, सुरक्षा माहितीपत्रक, ज्याला एसडीएस म्हणतात. उत्पादकाच्या संकेतस्थळावर मिळतं. सोळा विभाग असतात, पण सगळं वाचायची गरज नाही. विभाग ३ मध्ये घटक आणि टक्केवारी, विभाग ४ मध्ये प्रथमोपचार, विभाग १० मध्ये कशाबरोबर मिसळायचं नाही ते. तीन विभाग, पाच मिनिटं.

तिसरं, कायद्याने उघड करावी लागणारी यादी. कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये कायदा करून सफाईच्या उत्पादनांचे घटक २०२० पासून संकेतस्थळावर आणि २०२१ पासून लेबलवर देणं बंधनकारक केलं. तेच उत्पादन तिथेही विकलं जात असेल तर तिथली यादी उपयोगी पडते. फक्त सूत्र प्रत्येक बाजारात तेच असेल असं धरून चालू नका.

यादीत कोणती नावं बघायची:

मिथाइलआयसोथायझोलिनोन, थोडक्यात एमआयटी. टिकाऊपणासाठी घालतात. भांड्याच्या साबणापासून फरशीच्या द्रवापर्यंत सगळीकडे सापडतं. हाताला खाज, भेगा, चट्टे येत असतील तर पहिला संशय याच्यावर घ्या. अमेरिकेतल्या संपर्कजन्य त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साठी 'वर्षाचा ॲलर्जीकारक' म्हणून याचीच निवड केली होती. एकदा ॲलर्जी जडली की थोड्याशा मात्रेनेही उठते.

२-ब्युटॉक्सिइथेनॉल. काच आणि तेलकटपणा काढणाऱ्या द्रवांत. श्वासातून जातं तसं अखंड त्वचेतूनही शरीरात जातं. हातमोज्याशिवाय नाही.

सोडियम लॉरेथ सल्फेट. मळ सोडवायला आणि फेसासाठी घालतात. स्वतः फार वाईट नाही, पण ते बनवताना १,४-डायऑक्सेन नावाचं अशुद्ध द्रव्य थोडं उरतं, आणि ते कर्करोगाच्या संशयितांत आहे. ते मुद्दाम घातलेलं नसल्यामुळे घटकांत दिसत नाही. न्यूयॉर्क राज्याने घरगुती सफाईच्या उत्पादनांत त्याची मर्यादा २०२२ अखेर २ पीपीएम (दशलक्षात २ भाग) आणि २०२३ अखेर १ पीपीएमवर आणली. कारखान्यात ते काढून टाकता येतं, म्हणूनच अशी मर्यादा घालता आली. अल्काइल पॉलिग्लुकोसाइड (डेसिल ग्लुकोसाइड, कोको ग्लुकोसाइड) असलेल्या द्रवात हा प्रश्न येत नाही आणि ते हातालाही सौम्य असतं.

'सुगंध' किंवा 'परफ्यूम'. या एका शब्दामागे डझनावारी द्रव्यं असू शकतात. वास म्हणजे स्वच्छता नव्हे. बिनवासाचं मिळत असेल तर तेच घ्या, बाकी काही बदललं नाही तरी एवढं बदला.

---

निवळी

@प्रयोगवही, सुगंधात एक भर. लिंबू-संत्र्याच्या वासाचं लिमोनीन आणि पाइनच्या वासाचं पायनीन ही दोन्ही झाडांपासूनच मिळतात. पण हवेतल्या ओझोनशी त्यांची क्रिया होऊन फॉर्मल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कण तयार होतात. ओझोन सोडणारं 'हवा शुद्ध करणारं' यंत्र चालू असताना असा क्लीनर वापरणं म्हणजे दुप्पट त्रास. सुगंधी तेलाचे दहा थेंब टाकलेलं घरगुती द्रावणही यातून सुटत नाही.

---

ओलं फडकं

आता पर्याय. आधी मळ कोणता ते ठरवा, म्हणजे द्रव्य आपोआप ठरतं. तेलकट मळाला साबण किंवा आम्लारी लागते. पांढऱ्या क्षारांना आम्ल. रक्त, घाम, दूध अशा प्रथिनांना एन्झाइम आणि थंड पाणी. रंगाच्या डागांना ऑक्सिजन. एकच बाटली सगळ्याला लावली की ती जास्त ओतावी लागते.

रोजचं पुसणं: १ लिटर पाणी, ५ मि.लि. बिनवासाचा भांड्याचा द्रव साबण. बस. जास्त साबणाने जास्त स्वच्छ होत नाही, उलट चिकट थर राहतो आणि त्यावर धूळ बसते. नंतर साध्या पाण्याचं फडकं एकदा फिरवा. मायक्रोफायबरचं फडकं असेल तर नुसत्या पाण्यानेही बराच मळ निघतो, कारण तिथे काम धाग्यांच्या घासण्याने होतं. ते धुताना फॅब्रिक सॉफ्टनर वापरू नका, धाग्यांवर थर बसून ते निकामी होतं.

चिकट तेलकट थर: धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट. १ लिटर गरम पाण्यात १ मोठा चमचा, साधारण १५ ग्रॅम. लावा, ५ मिनिटं थांबा, पुसा, पाण्याने पुन्हा पुसा. पीएच ११ च्या आसपास जातो, म्हणून हातमोजे हवेतच. ॲल्युमिनियम काळं पडतं, पॉलिश केलेलं लाकूड फिकट होतं, लोकर आणि रेशीम खराब होतं. खाण्याचा सोडा ही वेगळी वस्तू आहे. त्याचा पीएच ८.३ च्या आसपास, तो तेल फारसं काढत नाही, पण हलकं घासायला उत्तम: ३ भाग सोडा, १ भाग पाणी, घट्टसर लेप. सिंक आणि करपलेली भांडी याने छान निघतात.

नळावरचे, शॉवरवरचे पांढरे क्षार: सायट्रिक ॲसिड, १ लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम. फडकं बुडवून नळाभोवती गुंडाळा, १५ ते २० मिनिटं, मग धुवा. रात्रभर ठेवू नका, मुलामा उडतो. किटलीसाठी १ लिटर पाण्यात २० ते ३० ग्रॅम पुरे, पाणी कोमट ठेवा. इथे बरेच जण ते उकळतात आणि तळाला न निघणारा पांढरा थर बसतो. तो कॅल्शियम सायट्रेटचा. तो गरम पाण्यात कमी विरघळतो, म्हणून उकळल्यावर खाली बसतो.

कमोडमधला पिवळा थर: ब्रशने ढकलून आतलं पाणी शक्य तेवढं खाली करा, उरलेल्यात ५० ते १०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड पसरा, रात्रभर ठेवा, सकाळी घासून फ्लश करा. हायड्रोक्लोरिक आम्लाइतकं झटपट होत नाही, पण वाफ नाही आणि हात भाजत नाही. उकळतं पाणी ओतू नका, चिनी मातीला तडा जाऊ शकतो.

संगमरवर, चुनखडीचा दगड, सिमेंटच्या फटी यांना कुठलंही आम्ल लावायचं नाही. व्हिनेगरचा एक थेंब पॉलिश केलेल्या संगमरवरावर काही मिनिटं राहिला तरी निस्तेज डाग पडतो. तो मळ नसून दगड विरघळल्याची खूण असते, त्यामुळे पुसून जात नाही.

पांढऱ्या कपड्यांवरचे डाग: सोडियम परकार्बोनेट, १ लिटर ४० ते ५० अंशांच्या पाण्यात १५ ग्रॅम, १ ते ६ तास भिजवा. पाण्यात त्याचा धुण्याचा सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड होतो. थंड पाण्यात फार संथ चालतं, मग 'काही उपयोग नाही' असं वाटतं. लोकर-रेशमाला नाही.

---

काठावर

आणि सोडा + व्हिनेगर? फेस येतो तेव्हा काहीतरी होत असणारच ना. मोरी मोकळी करायला सगळीकडे हेच सांगतात.

---

क्षारपाणी

होतं ते एवढंच की दोघं एकमेकांना संपवतात. ५% व्हिनेगरच्या १२० मि.लि. मध्ये ६ ग्रॅम ॲसिटिक आम्ल असतं. त्याला पुरतो साधारण ८ ग्रॅम खाण्याचा सोडा, म्हणजे दोन लहान चमचे. क्रिया झाली की हातात राहतं सोडियम ॲसिटेटचं पाणी, जे आम्लही नाही आणि आम्लारीही नाही. म्हणजे क्षार काढायची ताकद गेली आणि चिकटपणा काढायचीही. बाकी अडीच लिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड. मोरीचं वरचं तोंड उघडं असतं, वायू तिकडून निघून जातो, आतला गोळा ढकलला जात नाही. हेच मिश्रण बाटलीत भरून झाकण लावलं तर मात्र तो वायू बाटली फोडतो. दोन्ही हवे असतील तर वेगवेगळे, मध्ये पाणी मारून.

तसंच साबण + व्हिनेगर. खऱ्या साबणात आम्ल पडलं की तो फाटतो आणि चिकट पांढरे कण वर येतात. त्याने पुसलेली फरशी तेलकट होते.

तुंबलेल्या बेसिनला रसायन शेवटी, आधी हात. क्रम असा:

आधी रबरी पंप. बेसिनच्या वरच्या कडेला जे जास्तीच्या पाण्याचं भोक असतं ते ओल्या फडक्याने घट्ट बुजवा, नाहीतर दाब तिथून निघून जातो. पंपाची वाटी बुडेल एवढं पाणी असू द्या. १० ते १५ दाब, मग झटक्याने उचला.

नाही जमलं तर बेसिनखालचा बॉटल ट्रॅप (नळीतला बाटलीसारखा भाग) उघडा. खाली बादली ठेवा, नळ बंद. खालची वाटी बहुधा हातानेच फिरते. पाना लावायचाच तर मध्ये फडकं घाला, प्लास्टिकचे आटे सहज जातात. आत केस, साबणाचा काळा चिखल आणि कधी बाटलीचं झाकण निघतं. वाटी घासा, रबरी वॉशर उलटा किंवा दुमडलेला नाही ना बघा, हातानेच घट्ट बसवा. मग बेसिन भरून पाणी सोडा आणि जोडाखाली कोरडा कागद फिरवा. ओला झाला तर वॉशर पुन्हा बसवा.

अडथळा त्याच्याही पुढे असेल तर प्लंबरची स्प्रिंग.

मोरी मोकळी करायच्या पावडरीत बहुधा कॉस्टिक सोडा असतो, काहींत ॲल्युमिनियमचे तुकडेही. पाणी लागताच तो प्रचंड तापतो, ॲल्युमिनियमशी क्रिया होऊन हायड्रोजन सुटतो. पूर्ण तुंबलेल्या नळीत तो पुढे जातच नाही, तिथेच साचून दगडासारखा घट्ट बसू शकतो. मग वरून पंप मारला की तेच पाणी तोंडावर उडतं. एकदा पावडर ओतली असेल तर पंप मारू नका, ट्रॅप उघडू नका, वरून ॲसिड तर मुळीच ओतू नका. प्लंबर येईल त्याला पहिलं वाक्य हेच सांगा की आत कॉस्टिक आहे. त्याच्या डोळ्यांचा प्रश्न आहे.

---

रोजनिशी

मग ब्लीच घरातून काढूनच टाकायचं का? आजारी माणूस घरात असताना साबण पुरेसा वाटत नाही.

---

प्रयोगवही

नाही, त्याची जागा आहे, फक्त लहान आहे. उलटी-जुलाबाचा साथीचा आजार, रक्त सांडणं, कच्च्या मांसाचा ओघळ. नोरोव्हायरसवर अल्कोहोल नीट चालत नाही, तिथे ब्लीच चांगलं. एरवी साबण-पाणी पुरतं.

मोजण्याचं सूत्र: हवी ती टक्केवारी भागिले बाटलीवरची टक्केवारी, गुणिले १०००, म्हणजे १ लिटर द्रावणात किती मि.लि. ब्लीच ते. साध्या पृष्ठभागाला ०.१% हवं. बाटली ५% ची असेल तर २० मि.लि. ब्लीच आणि ९८० मि.लि. पाणी. ४% ची असेल तर २५ मि.लि. रक्त किंवा उलटीच्या जागी ०.५%, म्हणजे ५% च्या बाटलीतून १०० मि.लि.

आधी साबणाने मळ काढून धुवा. सेंद्रिय मळ क्लोरीन खाऊन टाकतो, जंतूंना काही उरत नाही. पाणी साधं घ्या, गरम पाण्यात हायपोक्लोराइट लवकर विघटित होतं आणि वाफही जास्त. पृष्ठभाग निदान १ मिनिट ओला राहिला पाहिजे, नोरोव्हायरसची शंका असेल तर ५ ते १० मिनिटं. लावून लगेच पुसलं तर काहीच साधत नाही. स्टीलवर नंतर पाणी फिरवा, नाहीतर गंजाचे ठिपके येतात. पातळ केलेलं द्रावण त्याच दिवशी संपवा. उघडून बराच काळ झालेली बाटलीही लेबलवरच्या टक्केवारीला उतरत नाही, म्हणून लहान बाटली घ्या आणि तारीख बघा.

ब्लीच नको असेल तर ३% हायड्रोजन पेरॉक्साइड, न पातळ करता, १० मिनिटं ओलं ठेवून. काळ्या किंवा अपारदर्शक बाटलीतच ठेवा, उजेडात त्याचं पाणी होतं. व्हिनेगर त्याच बाटलीत घालू नका, पेरॲसिटिक आम्ल तयार होतं, डोळे आणि घसा जळतो. दाराच्या मुठी, फोन यांना ७०% आयसोप्रोपिल अल्कोहोल. ९९% जास्त चांगलं असा समज आहे, पण पाण्याचा अंश असल्याशिवाय ते जंतूंवर नीट चालत नाही आणि लवकर उडून जातं. आगीपासून लांब.

व्हिनेगर जंतुनाशक म्हणून धरू नका. क्षार काढतं, जंतूंच्या बाबतीत भरवसा नाही.

भिंतीवरच्या बुरशीला ब्लीच लावण्याबद्दलही सांगून टाकतो. टाइलवर चालतं. प्लास्टरवर रंग उडतो, म्हणून ती गेली असं दिसतं, पण ब्लीचमधलं पाणी आत मुरतं आणि मुळाशी असलेली बुरशी परत उगवते. गळती आणि दमटपणा थांबवा, खोलीतली आर्द्रता ६०% च्या खाली ठेवा.

---

हिरवळ

फळांच्या सालींचं बायो-एन्झाइम घरी करता येतं की. १ भाग साखर, ३ भाग साली, १० भाग पाणी, तीन महिने. बाजारातलं काही लागतच नाही. टाकणखारही नैसर्गिकच आहे.

---

ओलं फडकं

@हिरवळ, प्रमाण बरोबर आहे. पहिला महिनाभर वायू सुटतो, म्हणून बाटली काचेची नको, एक तृतीयांश रिकामी हवी आणि झाकण रोज एकदा सैल करून वायू सोडायचा. पण त्यातून मिळतं ते मुख्यतः सेंद्रिय आम्लांचं आंबट पाणी. क्षार काढतं, फरशी पुसायला चालतं, १ लिटर पाण्यात ५० मि.लि. पुरे. जंतुनाशक म्हणून नाही. संगमरवराला नाही. ब्लीचच्या आसपासही नाही, ते आम्लच आहे. साखरेचा अंश राहिला तर मुंग्या येतात.

टाकणखाराबद्दल मात्र ठामपणे असहमत. टाकणखाराला, म्हणजे बोरॅक्सला, युरोपीय संघात प्रजननाला घातक असं वर्गीकरण आहे आणि २०१० मध्ये तो अतिचिंतेच्या पदार्थांच्या यादीत गेला. खनिज आहे म्हणून तो सौम्य होत नाही. मुलांना खेळायला त्याचा चिकट गोळा करून देणं तर बंदच करावं. जिथे टाकणखार सांगितला असेल तिथे धुण्याचा सोडा चालतो.

---

निवळी

घरात मांजर असेल तर फिनेलबद्दल आत्ताच ठरवा. काळ्या फिनेलमध्ये कोळशाच्या डांबरापासूनचे फिनॉल असतात. मांजराच्या यकृताला फिनॉल निष्प्रभ करण्याचं काम नीट जमत नाही. फरशीवरून चालून ती पंजे चाटते आणि विष पोटात जातं. पाइन तेलाचं पांढरं फिनेलही मांजरापासून लांबच ठेवायचं. फरशीला साबण-पाणी पुरे. रांगतं मूल असलेल्या घरालाही हेच लागू, त्याचेही हात तोंडातच जातात.

डांबरगोळ्या कपाटात आणि बेसिनमध्ये टाकायची सवय सोडून द्या. नॅफ्थलीन थेट वायू होतं, कपड्यांत मुरतं. जी६पीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांच्या तांबड्या पेशी त्याने फुटू शकतात, कावीळ होते. अशा गोळ्यांत ठेवलेली दुपटी थेट बाळाला गुंडाळणं धोक्याचं. युरोपीय संघात २००८ पासून त्यांची विक्री बंद आहे. पॅराडायक्लोरोबेंझीनच्या गोळ्या हा पर्याय नाही, तोही कर्करोगाच्या संशयितांत आहे. कापूरही मुलांच्या हाती लागेल असा ठेवू नका, गिळल्यास झटके येतात.

लोकरीच्या कपड्यांना कसर लागू नये म्हणून: धुवून, पूर्ण वाळवून ठेवा. अळ्या घामाचे आणि अन्नाचे डाग असलेला भाग आधी खातात. मग हवाबंद पिशवीत. कसर लागली असेल तर पिशवी बंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये निदान एक आठवडा, नंतर न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर बाहेरचा दमटपणा कपड्यांवर जमतो.

---

रोजनिशी

घरी केलेली द्रावणं किती दिवस टिकतात? आणि उरलेल्या जुन्या बाटल्यांचं काय करायचं?

---

क्षारपाणी

साबण-पाणी: दोन-तीन दिवस, त्यात टिकाऊपणाचं द्रव्य पुरेसं उरत नाही. सायट्रिक ॲसिडचं पाणी: आठवडाभर, पुढे बुरशीचे तंतू दिसू लागतात. कोरडी पावडर हवाबंद ठेवली तर कितीही दिवस, म्हणून पावडर ठेवा आणि लागेल तेवढंच भिजवा. परकार्बोनेटचं द्रावण कधीही बाटलीत भरून झाकण लावून ठेवायचं नाही. तासन्‌तास ऑक्सिजन सुटत राहतो आणि बाटली फुगून फुटते. त्याची कोरडी पावडरही ओल्या चमच्याने काढू नका.

पिण्याच्या पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत काहीही भरायचं नाही, एकदाही नाही. रिकाम्या ब्लीचच्या बाटलीत व्हिनेगर भरायचं नाही, धुतलेली असली तरी. प्रत्येक बाटलीवर नाव, प्रमाण आणि भरल्याची तारीख, पुसली जाणार नाही अशा शाईने. ॲसिड आणि ब्लीच वेगवेगळ्या कपाटांत, दोन्ही खालच्या फळीवर नव्हे तर कुलपात. खाली मुलं पोचतात, आणि डोळ्यांच्या वर ठेवली तर काढताना तोंडावर सांडतात.

जुन्या बाटल्या एकत्र ओतून रिकाम्या करू नका. ब्लीच थोडं असेल तर भरपूर पाण्याबरोबर कमोडमध्ये, एकटंच. सेप्टिक टँक असेल तर खूप जास्त नको, तिथले जिवाणू मरतात. ॲसिड, कॉस्टिक आणि डांबरगोळ्या घातक कचऱ्याच्या संकलनात द्या. तोवर मूळ बाटलीत, मूळ लेबलासकट, झाकण घट्ट करून उभ्या ठेवा.